भट्टीचा हात

“मूठ उघडा, आई.”

म्हातारीनं उघडली नाही. ओट्याला पाठ लावून ती उभी राहिली आणि सुनेकडं रोखून बघत राहिली. टेबलाखाली कुत्रा मागच्या पायानं कान खाजवत होता. त्याची नखं फरशीवर कटकटत होती, थांबत होती, पुन्हा कटकटत होती.

“उघडा म्हणते ना.”

“नाही उघडली तर? हात तोडशील?”

“तोडायची गरज नाही. उघडत नाही यातच कळलं.”

तेव्हा मात्र म्हातारीनं मूठ उघडली. आत तिची रक्तदाबाची गोळी होती. घामानं अर्धी विरघळलेली, तळव्यावर गुलाबी डाग पाडून बसलेली. सुनेनं ती पाहिली, ओठ आवळले, पण चुकले म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“आज गोळी आहे,” ती म्हणाली. “काल काय होतं ते तुमचं तुम्हाला माहीत.”

एवढं बोलून ती खाली बसली आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कानात मलम भरू लागली. तिचा आवाज पार बदलला. “आलं हं, राजा. आलं. झालंच.” या घरात आपल्याशी या आवाजात शेवटचं कोण बोललं होतं, ते म्हातारीला आठवेना. तिनं गोळी तशीच तोंडात टाकली आणि पाण्याशिवाय गिळली.

कुत्र्याचं नाव मुकादम. बेकरीच्या मागच्या अंगणात, मैद्याच्या पोत्यांच्या थप्पीमागं म्हातारीच्या थोरल्या लेकाला तो सापडला होता, डोळेही नीट न उघडलेला. लेक त्याला कोटाच्या आत घालून घेऊन आला. चालायला लागल्यापासून हा पठ्ठ्या ज्याच्या त्याच्या मागं फिरायचा, कुणी भांडी घासत असलं की शेजारी बसून मान तिरकी करायचा, कुणी बूट पुसत असलं की वाकून बघायचा. काम नीट चाललंय ना, एवढंच त्याला पाहायचं असायचं. म्हणून मुकादम.

म्हातारीला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. नवरा गेला त्याच महिन्यात कुत्रं घरात आलं आणि सरळ नवऱ्याच्या खुर्चीखाली जाऊन झोपलं. लोक म्हणाले, बघा, तुमचं दुःख हलकं करायला आलंय. म्हातारी म्हणाली, दुःख माझं आहे, याला कुणी बोलावलं होतं? तिनं त्याला कधी लाथ मारली नाही, पण कधी हातही लावला नाही.

आणि आता त्याच कुत्र्याला चोरून खाऊ घालण्याचा आळ तिच्यावर होता.

आयुष्यात तिच्यावर आळ बरेच आले होते. तोंडाळ आहे, हट्टी आहे, नवऱ्याला मित्र ठेवू दिले नाहीत. ते सगळे खरे होते आणि तिनं ते पचवले होते. खोटा आळ हा पहिलाच, आणि तो काही केल्या खाली उतरत नव्हता.

कुत्र्याची कातडी गेल्या हिवाळ्यापासून बिघडली होती. आधी पंजे चाटायला लागला, चाटून चाटून ते तपकिरी झाले. मग पोट लाल झालं, काखेतले केस गेले, कानांना आंबूस वास यायला लागला. जनावरांच्या डॉक्टरनं पिसवांचं औषध दिलं, शांपू दिला, गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेतो बरं, थांबल्या की पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, हे खाण्यातून येतंय. आता एकच खाणं द्यायचं, जे त्यानं आजवर खाल्लेलं नाही. ते आणि पाणी. कणभरसुद्धा दुसरं काही पोटात जाता कामा नये.

“घरात कोण कोण असतं?” त्यानं सहज विचारलं होतं.

“आम्ही दोघं. आणि सासूबाई.” सून थांबली. “त्या दिवसभर असतात.”

डॉक्टर हसला. “घरात आजी असल्या की हा प्रयोग हमखास फसतो. प्रेमापोटी देतात हो. वाईट हेतू नसतो.”

त्या माणसानं म्हातारीला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण शिकलेल्या माणसाच्या तोंडून पडलेलं वाक्य सून घरी घेऊन आली, ते पुराव्यासारखं. कोंबडीच्या खाण्याची पिशवी झाली, फसली. मेंढीची झाली, फसली. बदकाची झाली. प्रत्येक वेळी कुत्रा खाजवतच राहिला आणि प्रत्येक वेळी सुनेची नजर पिशवीवरून उठून म्हातारीवर येऊन बसली.

*

कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानात सून म्हातारीला बरोबर घेऊन गेली. मान म्हणून नव्हे. कामाच्या दिवशी इलाज नव्हता, पण सुट्टीच्या दिवशी तरी कुत्र्याबरोबर तिला घरी एकटं सोडायचं नव्हतं म्हणून.

सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधायचं गोल भिंग तिच्या पर्समध्ये कायम असायचं. ते डोळ्याला लावून ती एकेक पिशवी उलटी करून पाठीमागची मुंगीएवढी अक्षरं वाचत होती. दुकानदार हाताची घडी घालून बघत होता.

“मॅडम, ही घ्या. त्वचेसाठी खास आहे.”

“खास काय आहे? फोटोतला कुत्रा चकाकतोय ते?”

“अहो, कंपनीचं नाव—”

“नाव राहू द्या. पुढं मोठ्या अक्षरांत मेंढी लिहिलंय आणि मागं कोंबडीची चरबी. इथं बघा, गव्हाचा अंश. ही काय मेंढी आहे? लाज नाही वाटत विकायला?”

“मी थोडीच बनवतो?”

“विकता तर तुम्हीच ना. मुकं जनावर आहे म्हणून काहीही कोंबायचं पिशवीत.”

मांजरांच्या वाळूच्या पोत्यावर बसून म्हातारी हे ऐकत होती. बाई बोलते खरी, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं, आणि तेवढ्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

अर्ध्या दुकानाची उलथापालथ झाल्यावर एक पिशवी भिंगातून पार झाली. मासा आणि बटाटा. धान्य नाही, कोंबडी नाही, चोरून घातलेलं काही नाही. सुनेनं ती पिशवी छातीशी धरली.

“ही शेवटची,” बाहेर आल्यावर ती म्हणाली. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. “यानंतर डॉक्टरकडंही काही नाही. जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी त्याचं काळीज खराब होणार. तेव्हा मी आता स्पष्ट सांगते, आई. ही पिशवी संपेपर्यंत तो बरा झाला नाही, तर तुम्ही धाकट्या भावजींकडं जायचं.”

“माझ्या नवऱ्याच्या घरातून?”

“कुत्र्याला तर जाता येत नाही ना कुठं.”

धाकट्याकडं म्हातारी एकदा राहून आली होती. तिथं तिची खाट बोळात होती, फ्रिज आणि मोरीच्या मधे. रात्री ज्याला त्याला तिच्या पायांवरून जावं लागायचं. धाकट्याच्या बायकोनं तिचा कप वेगळा ठेवला होता, तोही कान तुटलेला, आणि वर हसून सांगितलं होतं, तुम्हाला गरम गरम धरायची सवय आहे ना!

संध्याकाळी तिनं थोरल्याला गाठलं. तो कामावर जायला बूट चढवत होता.

“तुझी बायको मला घराबाहेर काढतेय. ऐकलंस का?”

“तसं नाही म्हणाली ती.”

“मग कसं म्हणाली?”

“आई, तू देत नाहीस ना काही? मग झालं तर.”

“झालं तर? एवढंच?”

त्यानं बुटाची नाडी ओढली. ती तुटली. तुटलेल्या नाडीला गाठ मारत तो म्हणाला, “मला उशीर होतोय.”

बापासारखाच बेकरीत होता तो, बापासारखाच भट्टीवर, पण बाप घरात आला की घर दणाणायचं. हा आल्याचं आणि गेल्याचं दाराच्या कडीवरून कळायचं.

दुसऱ्या दिवशी सून जेवायला बसली असताना म्हातारी सुईदोरा घेऊन तिच्या समोरच बसली आणि आपल्या स्वेटरचे दोन्ही खिसे शिवून टाकले. बारीक, घट्ट टाका. शिवून झाल्यावर दोरा दातांनी तोडला.

“हे काय नवीन?”

“काही नाही. चोराचे खिसे बंद केले.”

“बाह्या राहिल्या,” सून म्हणाली आणि घास उचलला.

*

त्या दिवसापासून म्हातारी कुत्र्याच्या मागं लागली. आता मुकादमावर मुकादम. तो उठला की ती उठायची, तो अंगणात गेला की ती दारात. शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यावर तिनं वीट ठेवली. वरच्या मजल्यावरचा पेन्शनर गॅलरीत उभा राहून बिस्किटं खायचा, त्याला खालून ओरडून सांगितलं की एक चुरा जरी खाली पडला तर जिना चढून येईन. आपलं ताट ती खोलीचं दार लावून खायची आणि नंतर गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसायची. गुडघे ओरडायचे. ओरडू देत.

तिच्या नजरेसमोर कुत्र्याच्या पोटात मासा-बटाट्याखेरीज काही गेलं नाही. आणि कुत्रा खाजवतच राहिला. पिशवी अर्ध्यावर आली.

मग एका पहाटे तिला मागच्या फाटकाचा आवाज आला. रोजच यायचा. रोज ती कूस बदलून पुन्हा झोपायची, कारण लेक कामावरून आला एवढाच त्याचा अर्थ. पण आता संशय तिच्या अंगात भिनला होता. ती उठली, स्वयंपाकघरात आली आणि दिवा न लावता खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर नुकतं फटफटत होतं.

लेक मागच्या पायरीवर उकिडवा बसला होता. बाह्या दंडापर्यंत सरकवलेल्या. बोटांपासून कोपरापर्यंत हातांवर कणीक वाळून बसली होती, झाडाच्या सालीसारखी, तडे गेलेली. कुत्रा त्याच्या समोर होता. तो चाटत होता. आधी एक एक बोट, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगट, मग वर. घाई नव्हती. आपल्या कामात मुरलेल्या माणसासारखा तो ती कणीक सुटी करून खात होता. त्याची शेपटी जमिनीवर संथपणे आपटत होती.

आणि लेक बोलत होता.

“आज भट्टी रुसली बघ. खालचा थर सगळा करपला. मालक म्हणाला, बापाचं नाव घालवलंस. सगळ्यांच्या देखत म्हणाला. मी काय बोलणार? हा हात झाला, तो घे आता. नाव घालवलंस म्हणे. मला कधी नाव होतं का रे, घालवायला? कोपर राहिलं. हां. तिथंच.”

म्हातारीनं खिडकीची चौकट धरली. नवरा गेल्यापासून लेकाच्या तोंडून तिनं इतकी वाक्यं सलग ऐकली नव्हती. घरात तो हो, नाही आणि झोपायचंय एवढ्यावर भागवायचा. तिला वाटायचं, आत काही नसेलच. भरपूर होतं. कुत्र्याच्या वाट्याला येत होतं.

हात. ते हात तिनं चांगले ओळखले. असेच हात घेऊन तिचा नवरा जन्मभर त्याच पायरीवर बसला होता. भट्टीचा हात लगेच ओला करायचा नाही, हा त्या बेकरीतला कायदा. गरम हाताला गार पाणी लागलं की सांधे धरतात, बोटं वाकडी होतात. कोणे एके काळी कणीक मळायला असलेल्या एका म्हाताऱ्याची बोटं कोंबडीच्या पायासारखी आखडली होती, आणि कामावर आलेल्या प्रत्येक नवख्याला ती दाखवायला नेत. भट्टीवरून घरी यायचं, कणीक वाळू द्यायची, झटकायची, झोपायचं. उठल्यावर हात धुवायचे. लेक पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा फाटकापर्यंत जाऊन तिनंच त्याला बजावलं होतं, “हात धुऊ नकोस हं लगेच. भट्टीचा हात आहे.” तो तेवढं एक तिचं ऐकत आला होता. आणि कुत्रा आल्यापासून झटकायचीही गरज उरली नव्हती.

सून कुठं कुठं भिंग लावून गहू शोधत होती. गहू तिच्या नवऱ्याच्या कातडीवर होता.

म्हातारी वळली. तिला सांगायचं होतं. आत्ताच्या आत्ता, या क्षणी, सुनेला दंडाला धरून खिडकीपाशी आणायचं आणि म्हणायचं, बघ. डोळे फाडून बघ. ती बोळात आली तर सून नुकतीच उठून समोर आलेली, केस विसकटलेले, डोळे सुजलेले.

“आज इतक्या लवकर?” सून म्हणाली. “मी उठायच्या आत त्याला गाठायचं होतं वाटतं.”

म्हातारीचं तोंड उघडं होतं. ते तिनं मिटलं.

शोध, ती मनात म्हणाली. भिंग आहे ना तुझ्याकडं. शोध, बाई.

पुढचे काही दिवस तिनं मजेत काढले. खोटं कशाला सांगा. सून पिशवी पालथी करून पुन्हा वाचायची, डॉक्टरला फोन करायची, पाण्याचं भांडं बदलायची, गादीची खोळ उकळून काढायची, आणि म्हातारी खुर्चीत बसून ते बघायची. घराबाहेर जायचं भय होतंच, पण ज्याला खरं ठाऊक असतं त्याला खुर्चीत बसायला एक वेगळीच मऊ गादी मिळते. आणखी एक गोष्ट होती, ती मात्र ती स्वतःशीही धड बोलत नव्हती. सांगितलं असतं तर सुनेनं त्याच दिवशी कुत्र्याला मागच्या दाराशी फिरकू दिलं नसतं. मग लेक पहाटे कुणाशी बोलला असता?

मग एका दुपारी घरात जागी अशी दोघंच होती, ती आणि कुत्रा. तो बराच वेळ कान खाजवत होता. मग एकदम किंचाळला. कानाची कड फाटली होती. त्यानं मान झाडली आणि भिंतीवर रक्ताचे थेंब उडाले, खुर्चीवर उडाले, म्हातारीच्या स्वेटरवर, शिवलेल्या खिशावर उडाले. मग तो आला आणि तिच्या पायांपाशी लाल पोट गार फरशीला लावून पसरला. ओरडला नाही. काम कसं चाललंय ते बघतो तसं मान तिरकी करून तिच्याकडं बघत राहिला.

“मर, मेल्या,” म्हातारी म्हणाली.

तिनं आधी भिंत पुसली. मग कुत्र्याचा कान पुसला. तो घरात आल्यापासून इतक्या वर्षांत तिनं त्याला पहिल्यांदा हात लावला. कान तव्यावरून काढल्यासारखा गरम होता.

*

दुसऱ्या पहाटे लेक फाटकातून आत आला तेव्हा पायरीवर म्हातारी बसली होती. शेजारी घमेलं, घमेल्यात पाणी. कुत्र्याला तिनं आत कोंडलं होतं आणि तो दार ओरबाडत होता.

“हे काय?”

“हात दे.”

“आई, भट्टीचा हात आहे—”

“मला शिकवतोस? कोमट आहे. कोपर बुडवून बघितलंय मी. दे.”

तो बसला. त्यानं हात दिले. तिनं ते घमेल्यात बुडवून धरले आणि वाट बघितली. हळूहळू कणीक मऊ झाली, पांढरी झाली, सुटून धाग्यांसारखी पाण्यात तरंगायला लागली. मग तिनं साबण लावला, बेचक्या घासल्या, नखांखालचं काढलं. त्याच्या मनगटावर भट्टीच्या दाराचे जुने चटके होते, एकाखाली एक. ते तिनं पूर्वी कधी पाहिले नव्हते.

“पण कशासाठी?”

“चादरी मला धुवाव्या लागतात. पीठ सांडतं.”

घमेलं तिनं फाटकाबाहेर गटारात ओतलं, वर तांब्याभर पाणी मारलं आणि दार उघडलं. कुत्रा झेपावला. बोटं चाटली, मनगट चाटलं, थांबला. वर बघितलं. पुन्हा एकदा चाटून खात्री केली. हात तोच होता, पण त्यावर काही नव्हतं. लेकानं म्हातारीकडं बघितलं. ती असेतो तो बोलणार नव्हता. ती आत गेली. स्वयंपाकघरात उगाचच भांडी आपटायला लागली, चांगली मोठ्यानं, म्हणजे इथं कुणी ऐकत नाहीये हे बाहेर कळावं. बऱ्याच वेळानं भांड्यांच्या दोन आवाजांमधून त्याचा स्वर ऐकू आला. कुत्र्यानं त्याच्या गुडघ्यावर मान टाकली होती आणि तो बोलत होता.

मग रोजच. घमेलं, साबण, टॉवेल, भांड्यांचा दणदणाट. सून त्या दणदणाटानं उठायची आणि म्हणायची, पहाटे पहाटे कुणावर राग काढताय? म्हातारी म्हणायची, एकाच माणसावर थोडाच आहे.

पिशवीच्या तळाशी मूठ-दोन मूठ दाणे उरले होते, तेव्हा एका सकाळी सून फरशीवर पालथी पडून कुत्र्याच्या काखेत भिंग लावून बघत होती. बराच वेळ ती हलली नाही. मग म्हणाली, “फुटलेत.”

“काय?”

“केस. केस फुटलेत. अहो, बघा ना, आई, बारीक बारीक...” तिचा आवाज फाटला. तिनं कुत्र्याच्या मानेत तोंड खुपसलं. म्हातारी बघत राहिली. या बाईला रडता येतं, हे तिला नव्यानं कळलं. पण मान वर केली तेव्हा सुनेचे डोळे कोरडे होते आणि ते म्हातारीच्या स्वेटरवर, शिवलेल्या खिशांवर होते.

“म्हणजे माझं खरं होतं तर,” ती म्हणाली.

म्हातारीला समजायला एक क्षण लागला. मग समजलं. कुत्रा बरा झाला, म्हणजे देणाऱ्यानं द्यायचं बंद केलं. बंद केलं, म्हणजे आधी देत होती. आपल्याच हातांनी, रोज पहाटे उठून, साबण लावून तिनं आपल्यावरचा आळ पक्का केला होता.

*

डॉक्टरकडं तिघंही गेली. कुत्र्याला टेबलावर चढवलं. डॉक्टरनं कान पाहिले, पोट पाहिलं, पंजे उलटे करून पाहिले आणि खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

“फारच छान! काय बदल केलात?”

“मासा-बटाटा लागू पडला,” सून म्हणाली. “आणि घरात एकीचा हात आवरला.”

डॉक्टर म्हातारीकडं वळला. चांगला माणूस होता. चांगल्या माणसांचा तिला जास्तच राग यायचा.

“आजी, रागवायला नाही विचारत. पण आता आपल्याला नक्की कशानं होतं ते शोधायचंय, म्हणजे जन्मभर ते टाळता येईल. तुम्ही काय देत होतात, तेवढं सांगा. मांस? अंडं? का गव्हाचं काही, पाव, बिस्कीट, कणीक?”

कणीक म्हणाला तेव्हा लेक दोरी धरून टेबलाच्या टोकाला उभा होता. म्हातारी त्याच्याकडंच बघत होती. त्याची नजर आधी डॉक्टरकडं गेली, मग कुत्र्याकडं, मग खाली, आपल्या हातांवर. ते स्वच्छ होते. कितीतरी वर्षांत ते इतके स्वच्छ झाले नव्हते. तो त्यांच्याकडं बघत राहिला आणि त्याचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला.

कळलं त्याला. पहाटेचं घमेलं, कोमट पाणी, चादरी. सगळं कळलं.

म्हातारी थांबली. तिनं त्याला भरपूर वेळ दिला. डॉक्टरच्या पेनाचं टोपण उघडून झालं, कुत्र्यानं एक जांभई दिली, सुनेनं घड्याळात बघितलं. एकच वाक्य होतं. तीन शब्दांचं. घाबरायचं म्हटलं तरी बायकोच्या दोन शिव्या, याहून जास्त काही नव्हतं त्यात.

लेकानं शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. एक बटण लावलं, दुसरं लावलं. मग वाकून कुत्र्याचा पट्टा नीट करायला लागला. पट्टा नीटच होता.

“पाव,” म्हातारी म्हणाली. “पाव घालत होते.”

“रोज?”

“रोज.”

“साधारण किती?”

“हाताला लागेल तेवढा.”

डॉक्टरनं गहू लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. सुनेनं लांब श्वास सोडला. आता ती जिंकली होती आणि जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं. बाहेर पडताना तिनं म्हातारीच्या कोपराला हात लावला.

“कबूल केलंत, बरं झालं. माझा काही राग नाही. धाकट्या भावजींकडं जायचं राहू द्या आता. खिसे उसवा हवं तर.”

“राहू देत शिवलेले,” म्हातारी म्हणाली.

वाटेत दुकानातून मासा-बटाट्याची नवी पिशवी घेतली. लेकानं ती खांद्यावर घेतली आणि घरापर्यंत दोघींच्या मागं मागं चालत आला.

*

पहाटे फाटक वाजलं. हिवाळा लागला होता; पायरीवर दव गोठल्यासारखं पांढरं बसलं होतं आणि लेकाच्या तोंडातून वाफ येत होती. म्हातारी पायरीवर बसली होती. शेजारी घमेलं. दाराआड कुत्रा उभा होता. ओरबाडत नव्हता, नुसता फटीतून वास घेत होता.

लेक तिच्यासमोर उकिडवा बसला. बाह्या सरकवल्या. हात कोपरापर्यंत पांढरे होते आणि भट्टीची ऊब त्यांच्यातून अजून बाहेर येत होती.

“आई,” तो म्हणाला. “काल मी—”

“हात दे.”

त्यानं हात घमेल्यात घातले, आणि त्याचे खांदे कानांपर्यंत वर आले. पाणी थेट नळाचं होतं.

त्यानं हात बाहेर काढले नाहीत. म्हातारीनं साबण उचलला.